अनोळखी इतिहासाची ओढ

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

शाळेतली इतिहासाची नोकरी संपल्यावर मी काही वर्षे आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळचे दोन तास बसत असे. पगार नव्हता, पण पुस्तके फुकट आणि माणसे भरपूर. तिथे एस. टी.त वाहक असलेले एक गृहस्थ नेमाने यायचे. कादंबरीशिवाय काही न्यायचे नाहीत आणि कादंबरीतही ऐतिहासिकच. एके दिवशी त्यांनी पुस्तक परत केले, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "सर, शिवाजी महाराज झाले, संभाजी महाराज झाले, पानिपत तर तीनदा झालं. आता असं काहीतरी द्या की ज्याचा शेवट मला ठाऊक नाही."

मी त्यांना ना. सं. इनामदारांची 'झेप' दिली. चौथ्या दिवशी पुस्तक परत आले. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते ना, तिच्यावर त्या पुस्तकाचा आधीचा शिक्का अडीच वर्षांपूर्वीचा होता. यांचा मुक्काम चार दिवसांचा.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ज्या इतिहासाची आपल्याला धड माहिती नाही, ज्यातल्या माणसांची नावेही कानावरून गेलेली नाहीत, त्याच्यावरची कादंबरी माणूस रात्र जागवून का वाचतो? ओळखीच्या इतिहासाची गोष्ट समजण्यासारखी आहे. त्याच्याकडे आपण कीर्तनाला जावे तसे जातो. आख्यान पाठ असते, बुवा कुठे थांबणार आणि कुठे रडवणार हेही ठाऊक असते. आनंद असतो तो पुन्हा ऐकण्याचा. 'स्वामी' हातात घेताना माधवराव पेशवे अल्पवयात जाणार हे कोणाला ठाऊक नव्हते? तरी लोक थेऊरच्या प्रसंगाला ढसाढसा रडलेच. अनोळखी इतिहासाचे तसे नाही. आपल्याच आळीत एखादा वाडा असतो, वर्षानुवर्षे बंद. मोठी माणसे त्याच्याविषयी विषय निघाला की आवाज खाली आणतात. त्या वाड्याचे दार कोणी किलकिले केले तर आपण डोकावल्याशिवाय राहू का?

त्रिंबकजी डेंगळे यांचा वाडा मराठी इतिहासात असाच बंद होता. आणि तो बंद ठेवणाऱ्यांत मीही एक होतो, हे कबूल करायला हवे.

शाळेत उत्तर पेशवाई शिकवताना माझी एक टिपणवही असे. मुले तिच्यातली वाक्ये उतरवून घ्यायची. तिच्यात एक वाक्य होते : 'त्रिंबकजी डेंगळे याने गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून करविला.' बस्स. प्रश्नाला एक गुण. पुढे कित्येक वर्षांनी ते वाक्य वाचताना माझी नजर दोन शब्दांवर अडली. एकाला 'याने' आणि दुसऱ्याला 'यांचा'! खटला चालायच्या आधीच माझ्या व्याकरणाने निकाल देऊन टाकला होता. म्हणून आज मी दोघांनाही 'ते' म्हणणार आहे.

त्रिंबकजींचे घराणे संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचे, पाटीलकीचे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पुण्याहून निघून महाडकडे गेले. तिथून पुण्याला एक पत्र पोहोचवून उत्तर घेऊन यायचे होते. ज्या जासुदाने ते काम थक्क करणाऱ्या वेगाने केले आणि त्यामुळे जो बाजीरावांच्या डोळ्यांत भरला, तो हा तरुण, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. तिथून बारा-तेरा वर्षांत हा जासूद पेशव्यांचा सर्वांत विश्वासाचा कारभारी झाला. अहमदाबादचा मक्ता त्यांच्याकडे आला. नुसती ही चढण पाहिली तरी कोणाही कादंबरीकाराचे हात शिवशिवतील.

गंगाधरशास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. पेशवे आणि गायकवाड यांच्यात जुन्या बाकीचा आणि अहमदाबादच्या मक्त्याचा वाद होता. तो मिटवायला ते १८१४ साली पुण्याला आले. कंपनी सरकारने त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतली होती. हुशार, बोलघेवडे गृहस्थ. पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी त्यांचे मोठे गमतीदार वर्णन केले आहे. इंग्रजांसारखे भरभर चालायचे, भरभर बोलायचे, समोरच्याला मध्येच तोडायचे आणि बोलण्यात इंग्रजी शब्द, त्यातही शिव्या, पेरायचे. आज असा माणूस आपल्याला कुठल्याही कार्यालयात भेटेल. पेशव्यांनी त्यांना आपलेसे करून घ्यायचा प्रयत्न केला; मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देण्यापर्यंत बोलणी गेली आणि शेवटी फिसकटली. जुलै १८१५ मध्ये पेशव्यांबरोबर सगळे पंढरपूरला गेले. शास्त्र्यांना ताप होता, देवळात जायची इच्छा नव्हती. दर्शनाला या, असे निरोप त्रिंबकजींकडून पुन्हा पुन्हा आले. अखेर ते थोडकी माणसे बरोबर घेऊन गेले. विठोबाचे दर्शन झाले, बोलणे झाले आणि परतीच्या वाटेवर अंधारात मारेकऱ्यांनी त्यांना गाठले.

एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहायला गेलेले होते. परत येताच त्यांनी चौकशी केली आणि त्रिंबकजींना आमच्या हवाली करा, असा तगादा पेशव्यांमागे लावला. सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाले. उघड न्यायासनासमोर त्यांचा खटला कधीच उभा राहिला नाही. ते दोषी असल्याची कबुली पेशव्यांकडून घेतली गेली ती १८१७ च्या पुणे तहात, तीही कंपनीची फौज पुण्याभोवती असताना. तहाच्या कलमात माणसाला दोषी ठरवणे हा प्रकार इतिहासात फार वेळा पाहायला मिळत नाही.

आता मी तुम्हाला ठाण्याला नेतो. आज जिथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. दररोज हजारो माणसे त्याच्या भिंतीवरून जातात. त्रिंबकजींवर इथे पहारा होता गोऱ्या शिपायांचा. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती. तर गंमत अशी की, पहारा गोरा होता म्हणूनच कैदी सुटला! किल्ल्यावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार चाकरीला राहिला. साहेबाचा घोडा फिरवायचे निमित्त करून तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून जा-ये करी आणि जाता-येता गाणी म्हणे. गाण्यात निरोप असत. पहारेकऱ्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते. त्यांच्या दृष्टीने एक मोतद्दार आपल्याच नादात गुणगुणत चालला होता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून कैदी शेजारच्या तबेल्यात उतरला आणि पसार झाला.

हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा सांगितला आहे तेव्हा तेव्हा ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो. "गाणं कोणतं?"

तेच तर हातात नाही. त्या गाण्याचा आशय आपल्यापर्यंत येतो तो कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या प्रवासवर्णनातून, आणि तोही इंग्रजी पद्यात. हेबर स्वतः कवी, चर्चमध्ये गायची स्तोत्रे रचणारे. त्यांच्या पद्यात झाडीत दडलेले साथीदार आहेत, तयार ठेवलेले घोडे आहेत आणि घोड्यांच्या संख्येपेक्षा स्वार एकाने कमी आहे. तो कमी असलेला एक म्हणजे अर्थात खिडकीआडचा कैदी. कल्पना तर झकास आहे! पण मूळ मराठी बोल काय होते? ओवी होती की पोवाड्याची चाल, की लावणीचा ठेका? घोड्याला खरारा करताना माणूस म्हणेल असे साधे काही असेल? ज्या भाषेमुळे तो माणूस सुटला, त्या भाषेतले शब्दच तेवढे गळून पडले, आणि ज्यांना एक अक्षर कळले नाही त्यांच्या भाषेत गाणे उरले.

मला वाटते, अनोळखी इतिहासाची खरी ओढ इथे आहे. वाचक माहितीसाठी येतो, असे आपण म्हणतो. माहिती तर ज्ञानकोशातही मिळते. वाचक येतो तो अशा एखाद्या रिकाम्या जागेकडे. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेत फारशी जागा रिकामी उरलेली नाही; शेकडो लेखकांनी ते पेटारे इतक्या वेळा उचलले आहेत की त्यांच्या दोऱ्यासुद्धा आपल्याला पाठ आहेत. ठाण्याच्या खिडकीखाली मात्र अजून शांतता आहे. कागद आपल्याला अगदी तिथपर्यंत आणून सोडतात, मोतद्दार तोंड उघडतो आणि कागद संपतो. पुढचे कोणीतरी सांगावे असे आपल्याला आतून वाटू लागते.

मराठीत हे सांगणारे जुने आहेत. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे हरिभाऊ आपटे झाले, नाथमाधव झाले, हडपांची 'कादंबरीमय पेशवाई' झाली. पण त्या लेखकांना जे मिळाले नाही ते नंतरच्यांना मिळाले, ते म्हणजे कागद. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. गावोगावच्या वाड्यांतले, माळ्यांवरचे मोडी कागद गोळा करीत हा माणूस आयुष्यभर फिरला. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून काढले. दप्तरातल्या हजारो रुमालांपैकी ते किती? मूठभर. पण त्या मुठीतून शेकडो माणसे बाहेर पडली. कोणी घोड्याच्या दाण्याचा हिशेब लिहितो, कोणी थकलेल्या पगारासाठी रडतो, कोणी आजारी आईची खुशाली विचारतो. मोठ्या इतिहासग्रंथात यांना जागा नाही. ती कादंबरीतच मिळायची.

इनामदारांची 'झेप' १९६३ साली आली. त्यांची ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. पहिल्याच पुस्तकाला कोणी लेखक सर्वमान्य वीर निवडेल. यांनी निवडले त्रिंबकजी डेंगळे! पुढे 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर आणि 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरे बाजीराव, म्हणजे ज्यांच्या नावापुढे शाळेच्या पुस्तकांनी फुली मारलेली होती, अशीच माणसे त्यांनी ओळीने घेतली. या माणसांचा इतिहास आपल्यापर्यंत कोणाकडून आला, हे पाहिले की या निवडीचे मोल कळते. ग्रँट डफ हे एल्फिन्स्टन यांच्याच हाताखाली काम केलेले अधिकारी. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. फिर्यादीच्या मदतनिसानेच खटल्याचा वृत्तांत लिहावा, तसे हे. डफ खोटे लिहितात असे मी म्हणत नाही. वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी मला त्यांच्यामुळेच ठाऊक आहेत. पण त्रिंबकजींनी स्वतःची बाजू लिहून ठेवलेली नाही, आणि ज्या बाजूला कागद नाही त्या बाजूला माणूसच नव्हता असे आपण हळूहळू धरून चालतो.

'झेप' वाचून मी हललो हे सांगायला मला संकोच नाही. पण त्यानंतर माझ्याकडून जे झाले तेही सांगितले पाहिजे, कारण अनोळखी इतिहासाच्या कादंबरीचा धोका मला त्यातूनच कळला.

कादंबरी वाचल्यावर पुढच्या वर्षी मी वर्गात तो धडा घेतला तो वकिलासारखा. त्रिंबकजींचा वेग, त्यांची स्वामिनिष्ठा, ठाण्याची सुटका, सगळे रंगवून सांगितले. पोरे खूश. तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मग शास्त्र्यांना कोणी मारलं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे म्हणजे शास्त्री माझ्या मनातून पुसलेच गेले होते. ताप अंगात असताना आग्रहाखातर विठोबाच्या दर्शनाला गेलेला, हमी घेऊन आलेला एक पाहुणा देवळाच्या वाटेवर कापला गेला होता, आणि मी तो प्रसंग माझ्या नायकाच्या वाटेतला खड्डा म्हणून ओलांडून गेलो होतो. आधी एका ओळीत मी त्रिंबकजींना संपवले होते, आता त्याहून कमी जागेत शास्त्र्यांना.

यात दोष कादंबरीचा किती आणि माझा किती? लेखकाला नायक निवडावा लागतो, त्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ते त्याचे कामच आहे. ओळखीच्या इतिहासात हे निभावून जाते. एखाद्याने अफझलखानाच्या बाजूने कादंबरी लिहिली तरी वाचकाच्या मनात दुसरी बाजू ठाण मांडून बसलेली असते, ती लेखकाशी मनातल्या मनात भांडते. अनोळखी इतिहासात वाचकाची पाटी कोरी असते. पहिला लिहिणारा जे लिहील ते तिच्यावर उमटते आणि पुसता पुसत नाही. त्रिंबकजींच्याच बाबतीत पाहा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. ज्याने जास्त बोली लावली त्याने रयतेकडून ती वसूल करायची. त्या पद्धतीत रयत भरडली गेली, आणि त्या कारभाराचे सर्वांत मोठे नाव त्रिंबकजींचे होते. पंढरपूरच्या त्या रात्री काय ठरले होते आणि कोणी ठरवले होते, याच्याशी अहमदाबादच्या कुणब्याला काही देणेघेणे नव्हते. त्याची कादंबरी अजून व्हायची आहे.

वाचनालयात बसायला लागल्यावर या धोक्याचे दुसरे टोकही पाहिले. पुस्तक परत करताना दर दुसरा माणूस विचारायचा, "सर, हे खरं आहे का?" २०१५ साली इनामदारांच्या 'राऊ'वरून 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट निघाला, तेव्हा तर या प्रश्नाला ऊत आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या का, हे विचारायला ज्यांनी कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती असे लोक आले. मी सुरुवातीला कंटाळायचो. नंतर माझ्या लक्षात आले की 'हे खरं आहे का' हा प्रश्न कोणी सामाजिक कादंबरी परत करताना विचारत नाही. तो विचारावासा वाटणे, हेच या पुस्तकाने वाचकाला दिलेले असते. त्या लोकांपैकी पाच-सहा जणांनी नंतर मस्तानीविषयी छापलेले कागद मागून नेले. फारसे काही मिळाले नाही म्हणून हिरमुसले होऊन परत आले. पण नेले.

अनोळखी इतिहास म्हणजे नेहमी अनोळखी नाव असेच नव्हे. पानिपत कोणाला ठाऊक नाही? पण पार्वतीबाईंचे काय झाले, असे विचारून पाहा. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी त्या मोहिमेत बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून वाचून त्या परत आल्या. भाऊ पडले असे सगळे म्हणत होते, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. १७८३ साली मृत्यू आला तोवर, म्हणजे बावीस वर्षे, पुण्याच्या वाड्यात त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या. आणि या बावीस वर्षांच्या मधोमध एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला! हा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. तिथल्या सुभेदारानेच त्याला १७७६ साली बाहेर काढले, हजारो माणसे भोवती जमली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले, घाटापर्यंत त्याची फौज आली. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात त्याची पंचांसमोर चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड दिला गेला.

या तोतयाच्या बंडावर नाटकही झाले, नाना फडणविसांच्या मुत्सद्देगिरीवर पाने भरली. पण त्या दिवसांत वाड्यात बसलेल्या त्या बाईच्या मनात काय चालले असेल? बाहेर गर्दी म्हणते आहे, तुझा नवरा परत आला. कारभारी म्हणतात, तो खोटा आहे. आणि तोच खोटा, तर मग खरा कुठे आहे? दप्तरात तोतयाच्या फौजेचा हिशेब सापडेल. याचे उत्तर सापडणार नाही. इनामदारांनी 'शिकस्त' लिहिली ती या बाईंवर. ही कादंबरी आमच्या वाचनालयात सर्वांत जास्त कोणी नेली असेल? बायकांनी. त्यांतल्या एक आजी दर वर्षी-दीड वर्षाने तीच मागायच्या. कारण मी कधी विचारले नाही. गावातल्या एका जुन्या माणसाने पुढे सांगितले की त्यांचे यजमान तरुणपणी घर सोडून गेले ते परत आले नाहीत. पानिपत, पेशवाई यांच्याशी त्या आजींचा काही संबंध नव्हता. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे लिहिलेले त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होते?

आणि आणखी एक ओढ, अगदी साधी. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहू नये, अशी पाटी आम्ही लावली होती. लोक लिहितच. पण ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या समासात काय लिहितात ते मी हौसेने पाहू लागलो. 'वा!' फार थोडे. 'चूक' त्याहून थोडे. सर्वांत जास्त सापडायची ती गावांची नावे, खाली रेघ मारलेली. लढाईला निघालेली फौज एखाद्या लहानशा गावाच्या ओढ्यावर मुक्काम करते, लेखक ओघात गावाचे नाव लिहून जातो आणि समासात पेन्सिलीचे दोन शब्द असतात, 'आमचे गाव'. दिल्ली-आग्र्याच्या नावाखाली मी कधी रेघ पाहिली नाही. मोठा इतिहास राजधानीत घडतो, पण लहान इतिहास आपल्या ओढ्यावरून गेलेला असू शकतो. ते कळल्यावर माणूस त्या ओढ्याकडे दुसऱ्या दिवशी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. आमच्या एका शिक्षक मित्राने अशाच एका उल्लेखावरून गावातल्या जुन्या घरांमधले मोडी कागद गोळा करायला सुरुवात केली. निम्मे उधारीच्या चिठ्ठ्या निघाल्या, हा भाग वेगळा.

त्रिंबकजींची उरलेली कथा थोडक्यात सांगतो. ठाण्याहून सुटल्यावर त्यांनी खानदेशात, शंभू महादेवाच्या डोंगरात माणसे जमवली. त्यांना पकडून देण्याची हमी म्हणून इंग्रजांनी पेशव्यांकडून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागून घेतले. एका जासुदापायी तीन किल्ले! नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला लढाई पेटली आणि जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिक भागात त्रिंबकजी पुन्हा सापडले. या वेळी ठाण्याची चूक करायची नव्हती. त्यांना गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. तिथे १८२४ साली बिशप हेबर त्यांना भेटले. त्यांनी पाहिलेला माणूस ठेंगणा, चलाख, जरा चिडका होता. दोन ऐसपैस खोल्या, एक लहानसे देऊळ, पिंपळाखाली बाग. बागेत त्रिंबकजींनी फुलझाडे लावली होती, त्यांत तेरडाही होता. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. हा कैदी तिथे आणखी पाच वर्षे तेरडा लावत राहिला आणि १८२९ साली चुनारलाच वारला.

'झेप' परत करायला आले तेव्हा आमच्या वाहकसाहेबांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले. शास्त्र्यांबद्दल दोन प्रश्न विचारले. आणि मग म्हणाले, "सर, त्या घोडेवाल्याचं पुढं काय झालं? तो सापडला का? त्याला मारलं का?"

मला उत्तर देता आले नाही. त्याचे नावसुद्धा मला कुठल्या कागदात मिळालेले नाही. त्रिंबकजींना आणि शास्त्र्यांना 'ते' म्हणताना मोतद्दाराला मात्र मी अजूनही 'तो'च म्हणतो आहे, हे त्यांच्यासमोर बोलताना माझ्या ध्यानात आले.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पिशवी खांद्याला लावली, कपाटांच्या रांगेकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मग त्याच्यावरचं कोणी लिहिलं तर आधी मला सांगा."